एका तासाच्या आतलं गाव

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला सगळं गाव पायलट म्हणायचं. विमान त्यांनी कधी जवळून पाहिलेलंसुद्धा नव्हतं. त्यांच्याकडे होती एक जुनी जीप, तिच्यात मागे माणूस आडवा होईल एवढी लांब सीट, सीटखाली बादली आणि दोन धुतलेल्या चादरी. या जीपमधून ते गावातले पेशंट शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला न्यायचे. मी त्यांना दाजी म्हणतो. मी गावच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो, त्यामुळे पेशंट आधी माझ्या हाताखालून जायचा आणि मग दाजींच्या. "तू बांधून दे, मी पोचवतो," असं ते म्हणायचे, जणू आम्हा दोघांचं किराणा मालाचं दुकान होतं.

उशीर त्यांना सहनच व्हायचा नाही. लग्नाच्या दिवशी आमच्या घरात अजून निम्म्या लोकांच्या आंघोळी व्हायच्या होत्या, तोवर हे दारात हजर. आईने त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं आणि ते आपल्या बुटांकडे बघत बसले. ताई म्हणते, या माणसाने आयुष्यात एकदाच कुणाची वाट पाहिली, ती माझी.

तरुणपणी त्यांनी खाणीवरचा ट्रक चालवला. तिथे नाकावरच्या रागामुळे मुकादमाशी वाजलं आणि ते जीप घेऊन गावात आले. जीपमध्ये त्यांचे कायदे चालत. पेशंटच्या नातेवाइकाने पुढे बसायचं, मागे नाही, कारण मागे बसलेला नातेवाईक रडतो आणि पेशंट घाबरतो. आजाराचं नाव गाडीत काढायचं नाही. सामान एका पिशवीपेक्षा जास्त नको. एका बाईने नवऱ्याच्या छातीत कळा येत असताना उशी, थर्मास आणि इस्त्रीचे कपडे आणले, तेव्हा दाजींनी ते सगळं रस्त्याच्या कडेला काढून ठेवलं आणि म्हणाले, "तो परत येईल तेव्हा घालू त्याला." तो परत आला, आणि पुढची कित्येक वर्षं बाई इस्त्री केलेल्या शर्टाची आठवण काढून दाजींना टोमणे मारत राहिली.

शहराचा रस्ता डोंगराला वळसा घालून जातो. आधी घाट, मग लाकडाच्या वखारी, मग रेल्वेचं फाटक, मग बाजारपेठ, जिथे गाड्यांपेक्षा हातगाड्या जास्त, आणि मग पूल. दाजींचा हॉर्न ठरलेला होता, तीन तुटक आणि एक लांब. तो ऐकला की वखारीवाले रस्त्यात आडवा लावलेला ट्रक मागे घ्यायचे. फाटकवाला आगगाडी यायला अवकाश असेल तर फाटक पाडायचं थांबवायचा. बाजारातले भाजीवाले हातगाड्या दोन्ही बाजूंनी आत ओढायचे, गिऱ्हाईक उभं असलं तरी. कुणी तसं ठरवलेलं नव्हतं. त्या रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी दाजींच्या मागच्या सीटवर झोपून गेलेलं होतं, एवढंच. पेशंट नसताना दाजी तो हॉर्न कधीही वाजवायचे नाहीत, त्या बाबतीत फार कडक होते.

पेशंट दारात उतरवला की ते परत फिरायचे. हॉस्पिटलच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. त्यांना स्वतःला रक्तदाब होता, चांगला दणदणीत. आमचे डॉक्टर त्यांना आठवड्यातून एकदा जबरदस्तीने खुर्चीत बसवायचे, मी पट्टा गुंडाळायचो, आणि डॉक्टर आकडा बघून म्हणायचे, "पायलट, तुमचं इंजिन तापतंय." मग गोळी बदलायची, आठ दिवस बरं चालायचं. डॉक्टर नसते तर दाजींनी गोळीच्या पाकिटाकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

पण डॉक्टर म्हातारे झाले. त्यांचा हात थरथरायला लागला, इंजेक्शन मी देऊ लागलो, आणि एक दिवस त्यांनी सांगून टाकलं की आता मुलीकडे जाऊन राहणार. वर्षभर थांबतो म्हणाले, तोवर दुसरा शोधा. आम्ही शोधला. जाहिराती दिल्या, ओळखीपाळखी काढल्या. एक नवराबायको, दोघंही डॉक्टर, गाव बघायला आले. मुख्य रस्त्यावरून एकदा इकडून तिकडे गेले, आमच्याकडे चहा घेतला, विचार करून कळवतो म्हणाले. अजून विचार चालू असावा.

मग कळलं की सरकारची एक योजना आहे. ग्रामीण भागात येणाऱ्या डॉक्टरला राहायला घर, जास्त पगार आणि पाच वर्षांनी हवं ते शहर. त्या योजनेत तरुण डॉक्टर खरोखर येत होते. प्रश्न एवढाच होता की ग्रामीण म्हणजे काय. आम्हाला वाटत होतं की आम्ही ग्रामीण आहोत हे आमच्याकडे नुसतं बघितलं तरी कळतं. पण सरकारला बघून कळत नाही, मोजावं लागतं. आधी ते नकाशावर पट्टी ठेवून मोजायचे, आणि पट्टीला डोंगर लागत नाही, त्यामुळे आम्ही शहराच्या अगदी कुशीत निघायचो. त्यावर सगळीकडूनच ओरड झाली आणि नियम बदलला. आता प्रत्यक्ष प्रवास मोजणार होते. गावचे पेशंट ज्या वाहनाने जातात त्या वाहनाने, गावापासून मोठ्या हॉस्पिटलच्या दारापर्यंत. तासापेक्षा जास्त लागला तर गाव ग्रामीण. कमी लागला तर नाही.

नियम वाईट नव्हता. आजही मी असंच म्हणतो.

बस आमच्या रस्त्याने तास-सव्वा तास घेते, म्हणजे खोटं काही करायचं नव्हतं. फक्त दाजींना चारचौघांसारखी गाडी चालवायची होती. शाळेत बैठक झाली तेव्हा वखारमालक म्हणाला की वाटेत पंक्चर काढू. मुख्याध्यापिका बाईंनी त्याला गप्प केलं. "लबाडी नको," त्या म्हणाल्या, "पायलट, तुम्ही फक्त सावकाश जा."

"जातो की," दाजी म्हणाले.

"जमेल ना?"

"बाई, मला काय गाडी हळू चालवता येत नाही?"

यावर सगळे हसले, ताई सोडून. घरी आल्यावर ताईने त्यांना समोर बसवलं. "अहो, डॉक्टर नाही आला तर तुमच्या रक्तदाबाचं काय? तुम्ही काय शहरात जाऊन रांगेत उभे राहणार आहात?" दाजी म्हणाले, "हळू जाईन म्हटलं ना." ते शब्दाचे पक्के आहेत हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

मोजणारे साहेब सकाळच्या बसने आले. मध्यम वयाचे, गळ्यापर्यंत बटणं लावलेले, सभ्य गृहस्थ. दवाखाना बघितला, डॉक्टरांना भेटले, माझ्याशीही नीट बोलले. "मी फक्त मोजतो," ते म्हणाले, "ठरवत नाही." मोबाइलवर काहीतरी सुरू केलं, दाजींच्या शेजारी पुढे बसले आणि आम्ही निघालो. गावातर्फे मी मागे होतो.

दाजी खरंच हळू चालवत होते. सायकलवाले आम्हाला मागे टाकत होते. दाजींच्या मानेची शीर दिसत होती आणि स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडली होती, पण काटा वर गेला नाही. घाटात त्यांनी प्रत्येक वळण असं घेतलं की मला वाटलं आता उतरून ढकलायला सांगतील. मी मनात म्हटलं, डॉक्टर आला.

आणि नेमक्या त्या वळणांनी साहेबांचा घात केला. चौथ्या की पाचव्या वळणाला ते कपाळ पुसायला लागले. मग म्हणाले, "मला जरा मळमळतंय. थोडा वेळ आडवा झालो तर चालेल का?" गाडी थांबवली, साहेब मागच्या लांब सीटवर आडवे झाले, मी पुढे आलो. दाजींनी निघताना आरसा नीट केला. आरशात त्यांना काय दिसलं असेल ते मला आत्ताही दिसतं. मागच्या सीटवर डोळे मिटलेला, पांढराफटक पडलेला, हळू कण्हणारा माणूस.

घाट संपला तेव्हा माझ्या लक्षात आलं की झाडं जरा लवकर मागे जातायत. "दाजी, हळू," मी म्हणालो. "हो," ते म्हणाले, आणि गाडी आणखी पळायला लागली. त्या 'हो'चा अर्थ मला नंतर कळला. पुढे बसलेले नातेवाईक घाबरून काहीबाही बोलतात, त्यांना ते तसं 'हो' म्हणायचे आणि रस्त्यावरची नजर हलवायचे नाहीत. त्यांच्या लेखी मी कंपाउंडर नव्हतो, मेहुणा नव्हतो. मी पेशंटबरोबर आलेला माणूस होतो.

वखारी दिसल्या आणि त्यांनी हॉर्न दिला. तीन तुटक, एक लांब.

पुढचं सगळं त्या रस्त्याने केलं. आडवा ट्रक मागे सरकला, आणि तो हाकणारा वखारमालकाचाच माणूस होता, ज्याला आदल्या दिवशी मालकाने आज जीप आली की मधे घाल म्हणून पढवलं होतं. हॉर्न ऐकल्यावर त्याला वाटलं, आजची मोजणी रद्द झाली आणि खरा पेशंट आला. फाटकवाल्याने हात करून जा म्हटलं. बाजारात दोन्ही बाजूंच्या हातगाड्या भराभरा आत गेल्या, एका म्हाताऱ्या भाजीवालीने तर सीटवरच्या साहेबांकडे बघून हात जोडले. मी दाजींचा दंड धरून हलवला. "दाजी, साहेब आहेत ते! पेशंट नाहीत!" ते म्हणाले, "हो, पोचलोच." आणि मीही काय केलं, तर मागे वळून साहेबांची नाडी बघितली. वर्षानुवर्षांची सवय, हात आपोआप जातो.

जीप थेट तातडीच्या विभागाच्या उतारावर जाऊन थांबली. जीप ओळखीची, त्यामुळे वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन धावत आले आणि साहेबांच्या तोंडून शब्द फुटायच्या आत त्यांना उचलून वर ठेवलं. तेव्हा कुठे दाजी भानावर आले. स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

साहेबांनी स्ट्रेचरवर झोपूनच मोबाइल वर धरला. तासाला नऊ मिनिटं कमी होती.

"पुन्हा मोजता येईल का?" मी विचारलं.

"माझ्या हातात असतं तर..." ते म्हणाले. उठून बसले, कॉलर सारखी केली. त्यांना आमचं वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "परिस्थितीत काही बदल झाला तरच पुन्हा मोजणी होते. रस्ता खचला, वाहन बंद पडलं, असं काही."

महिन्याभरात उत्तर आलं की गाव ग्रामीण नाही. दाजींना कुणी काही बोललं नाही. बोलणार कोण? वाट तर सगळ्यांनीच करून दिली होती. थट्टा मात्र झाली. पायलटने आम्हाला एका फेरीत शहरी केलं, म्हणून लोक एकमेकांना 'काय शहरातले' अशी हाक मारू लागले. दाजी त्यावर हसायचे नाहीत. ताईने त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला आणि मग एवढंच म्हणाली, "एकदा, फक्त एकदा उशीर करायचा होता तुम्हाला." ते म्हणाले, "मला वाटलं तो माणूस जातोय." त्यांना खरंच तसं वाटलं होतं. मला त्यांचा राग आला होता, आणि ते वाक्य ऐकून तो कुठे ठेवावा ते कळेना.

डॉक्टर गेले. दवाखान्याची किल्ली माझ्याकडे राहिली. मी रोज उघडून झाडून घ्यायचो, जखमा बांधायचो, आणि बाकी सगळ्यांना दाजींकडे पाठवायचो. आधी जे पोटदुखीचं, तापाचं दुखणं दोन गोळ्यांत निभायचं ते आता शहरात जायला लागलं. दाजींच्या दिवसाला दोन-दोन फेऱ्या व्हायच्या. त्यांनी कुणाला नाही म्हटलं नाही. मी पट्टा घेऊन त्यांच्या मागे लागलो की म्हणायचे, "आकडा कळून काय करायचं? बघणारा कोण आहे?" त्यांचं बरोबर होतं. गोळी कोणती आणि किती बदलायची ते सांगायचा मला अधिकार नव्हता. "रोज हॉस्पिटलच्या दारात जाता, एकदा आत जाऊन दाखवा," असं ताई दर सकाळी सांगायची. आत रांग असते, आणि रांगेत उभं राहायचं म्हणजे तोवर इकडे कुणीतरी ताटकळत असेल, हा त्यांचा हिशोब होता. असा माणूस समोर असला की हात टेकण्यापलीकडे काही करता येत नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी ते क्लच बदलत होते. जीप विटांवर चढवलेली, पुढची चाकं काढलेली. ताईने चहा नेला तर ते जमिनीवर बसलेले, हातातला पाना सुटून पडलेला, आणि तोंड एका बाजूला ओढलेलं. मला बोलावलं. काय झालंय ते मला दारातूनच कळलं, आणि ते वेळेचं दुखणं आहे हेही कळत होतं. लवकर पोचलं तर औषध लागू पडतं, नाहीतर गेलेलं परत येत नाही.

जीप विटांवर. बस तासाभराने. दुधाचा टेम्पो तेवढा सापडला. दूधवाला फार भला माणूस, पण दूध हिंदकळू नये म्हणून जन्मभर जपून गाडी चालवलेला. आम्ही कॅन उतरवले, गादी टाकली, मी दाजींचं डोकं मांडीवर घेतलं. घाटात तो दर वळणावर मागे बघून विचारायचा, "ठीक आहे ना?" वखारींपाशी ट्रक आडवा होता. दूधवाल्याने हॉर्न वाजवला, पण टेम्पो रोजच येता-जाता हॉर्न वाजवतो, कुणी मान वर केली नाही. फाटक पडलं. मालगाडी गेली, डब्यामागून डबे. बाजारात हातगाड्या होत्या तिथेच राहिल्या. मी ओरडत होतो, "पायलट आहेत, पायलट!" आणि लोक इकडेतिकडे बघत होते, त्यांची जीप कुठे दिसते का ते शोधत. दाजींचे डोळे उघडे होते. डाव्या हाताने ते माझं मनगट दाबत होते, पुढे, पुढे असं.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टर म्हणाला की थोडं आधी आणायला हवं होतं. तो काही वाईट बोलला नाही, तेच खरं होतं. दाजी वाचले. उजवा हात थोडा परत आला, उजवा पाय आला नाही, आणि जीभ जड झाली.

मग मी अर्ज केला. परिस्थितीत बदल झाला आहे, असं लिहिलं. काय बदल झाला ते लिहायला मला एक सबंध दुपार लागली.

तेच साहेब आले. या वेळी त्यांनी घाटाआधी खायची गोळी बरोबर आणली होती. जीप आता दूधवाला चालवणार होता. त्या दिवशी दाजींची तपासणीची तारीख होती, म्हणून ते आणि ताई मागच्या सीटवर, मी त्यांच्या पायाशी. साहेबांनी वळून दाजींकडे बघितलं, नमस्कार केला आणि मोबाइल सुरू केला.

हॉर्न कुणी वाजवला नाही. दूधवाला आपल्या चालीने चालला होता. पण जीप दिसली आणि वखारीवाले रस्त्यात आले, पायलट कसे आहेत म्हणून खिडकीत डोकी घातली. फाटकवाला केबिनमधून उतरून आला आणि दाजींचा डावा हात धरून उभा राहिला, मागच्या गाड्या ओरडेपर्यंत. बाजारात तर माणसांनी वेढाच घातला. भाजीवाल्या म्हातारीने दाजींच्या गालावरून हात फिरवला आणि त्यांना बारीक झालात म्हणाली. साहेबांनी कुणालाच हाकललं नाही. दाजी आधी चुळबुळत होते, "चल, चल" म्हणत होते. मग त्यांनी मान मागे टेकली. आपल्या या रस्त्यावर एवढी माणसं राहतात हे ते बहुधा पहिल्यांदाच नीट बघत होते.

हॉस्पिटलच्या दारात साहेबांनी मोबाइल बंद केला. तासाच्या वर, चांगली वीसेक मिनिटं वर.

"बसतंय," ते मला म्हणाले. "आता डॉक्टर येईल."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी दाजींकडे वळून म्हणालो, "दाजी, ऐकलंत? गाव ग्रामीण झालं."

दाजींनी शब्द जुळवायला वेळ घेतला. एकेक शब्द सुटा सुटा बाहेर आला. "मी चालवली असती... तर झालं नसतं."

कुणी हसलं नाही. साहेब खाली बघायला लागले.

"नसतं झालं," ताई म्हणाली. तिने पदराने त्यांची हनुवटी पुसली, दार उघडलं, खाली उतरली आणि त्यांचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवला. मग डावा. "उतरा आता," ती म्हणाली. "सावकाश. आपल्याला घाई नाही."